चर्चचं कमानी छत बांधायचं, तर आधी भिंत बघा

तेरच्या त्रिविक्रम मंदिराचं विटांचं गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखं गोल छत दाखवायला अण्णांनी मला लहानपणी नेलं होतं. मी वर बघत बसलो, तर म्हणाले, "भिंत बघ आधी." गवंडीकामात हेच वाक्य मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

लांब, अर्धगोल छत नुसतं खाली दाबत नाही, दोन्ही भिंतींना बाहेर ढकलतं. कमान जितकी चपटी, तितका रेटा जास्त. म्हणून १२ फूट रुंद प्रार्थनागृहाला मी पूर्ण ६ फूट उंचीची अर्धी गोलाई धरतो. फ्रान्समधल्या तुलूझच्या सँ-सेर्नँ चर्चमध्ये मधल्या दालनाचा रेटा बाजूच्या दालनांवरच्या माळ्यांनी पेललाय. आपल्या छोट्या चर्चला तेवढी जागा कुठली? मग भिंत जाड घ्या, बाहेरून आधाराचे खांब द्या आणि कमान सुरू होते तिथं आडव्या लोखंडी सळया ताणा. मापं इंजिनिअरकडूनच काढून घ्या.

वेरूळच्या १० क्रमांकाच्या लेण्यासारख्या फासळ्या बरेच जण मागतात. तिथं छत आणि फासळ्या एकाच डोंगरातून कोरल्यात. विटांच्या कामात तशी फासळी नुसती चिकटवली तर ती ओझं घेणार नाही, उलट वाढवेल.

साचा प्लायच्या गोल तुकड्यांचा करा, दर २ फुटांवर एक, वर लाकडी पट्ट्या. प्रत्येक टेकूखाली उलटसुलट दोन पाचरी हव्यातच. विटा भिजवून घ्या. दोन्ही बाजूंनी थर बरोबरीनं चढवा, एका बाजूला दोन थरही पुढं जाऊ देऊ नका. सांधा आतून बारीक, बाहेरून रुंद. माथ्यावरची चावीची वीट, म्हणजे कमान पुरी करणारी शेवटची मधली वीट, लाकडी मोगरीनं हळू ठोकून बसवा.

साचा उतरवताना घाई नको. एका कामावर माझ्या माणसांनी एकाच बाजूचे टेकू आधी काढले. सकाळी माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत केसासारखी भेग होती. मी परत टेकू लावले, वरचे पाच थर उकलले आणि नव्यानं बांधले. खर्च माझा, आणि तो माझाच असायला हवा होता. आता सगळ्या पाचरी एकाच फेरीत अर्धा इंच सैल करतो, रात्रभर तसंच ठेवतो, मग पुढची फेरी. शंका आली तर भेगेवर प्लास्टरची बोटभर पट्टी मारून तारीख लिहितो. पट्टी तडकली, तर छत अजून हलतंय.

वेदीसमोर सळई दिसते, ती कापा, असं लोक सांगतात. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट मी पाहिलीय. सळई रंगवून देतो, कापत नाही.