अमेरिकेतल्या घराची रेडॉन तपासणी: ‘सर्टिफाइड’ शब्दावर भागवू नका, या चुका टाळा

पार्ले असो की मुलुंड, लेक किंवा भाचा न्यू जर्सीत घर घ्यायला निघाला की कागदपत्रं व्हॉट्सॲपवर इकडे येतातच. किंमत, कर्ज, शाळा सगळं आपण बारकाईनं बघतो. रेडॉनच्या रिपोर्टवर मात्र ‘सर्टिफाइड’ दिसलं की पुढे सरकतो. मुंबईत खिडक्या बाराही महिने उघड्या, त्यामुळे या वायूचं नावही कानावर पडलेलं नसतं. तिकडे तळघरं असतात, थंडीत दारंखिडक्या बंद असतात आणि जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा हा वायू आत साठतो. त्याला ना वास, ना रंग. तिथे फुफ्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानाखालोखालचं कारण तोच आहे.

सर्वांत मोठी फसगत ‘ईपीए सर्टिफाइड’ या दोन शब्दांनी होते. ईपीए ही तिथली केंद्रीय पर्यावरण संस्था. हवेत लिटरमागे 4 पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजण्याचं एकक) किंवा त्याहून जास्त रेडॉन आढळला तर उपाय करा, असं ती सांगते. पण कंत्राटदाराला सर्टिफिकेट देत नाही. तिचा तसा कार्यक्रम 1998 मध्येच संपला. आता राष्ट्रीय पातळीवर एनआरपीपी आणि एनआरएसबी या दोन संस्था सर्टिफिकेट देतात, आणि त्यावर राज्याचा कायदा वेगळा. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात राज्याच्या पर्यावरण खात्याचं सर्टिफिकेट लागतं, इलिनॉयमध्ये राज्याचं लायसन्स. कित्येक राज्यांत असा परवानाच नाही. तिथे राष्ट्रीय सर्टिफिकेट तरी मागाच. नाव, नंबर आणि मुदत राज्याच्या किंवा संस्थेच्या वेबसाइटवर स्वतः ताडून बघा. कंत्राटदाराने पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका.

दुसरी चूक: मोजणी आणि उपाय एकच समजणं. दोन्हींची सर्टिफिकेटं वेगळी असतात. घराची सर्वसाधारण तपासणी करणाऱ्या इन्स्पेक्टरकडे रेडॉन मोजण्याचं सर्टिफिकेट असेलच असं नाही. आणि ज्याने घराखालचा वायू ओढून बाहेर सोडणारा पाइप-पंखा बसवला, त्यालाच ‘आता रेडॉन किती?’ विचारू नका. काम झाल्यावर 24 तासांनंतर, पण 30 दिवसांच्या आत, दुसऱ्या सर्टिफाइड माणसाकडून मोजून घ्या.

सर्टिफिकेट खरं, पण चाचणीच्या वेळी खिडक्या उघड्या होत्या, असंही होतं. चाचणीआधी 12 तास आणि चाचणीभर घर बंद हवं, यंत्र किमान 48 तास राहायला हवं. या नोंदी रिपोर्टमध्ये शोधा.

ही पाइप-पंख्याची यंत्रणा घरात आधीच बसवलेली असेल तर व्हिडिओ कॉलवर पाइप दाखवायला सांगा. पंखा तळघरात दिसला तर काम चुकलं; तो माळ्यावर किंवा घराबाहेर हवा. पाइपवर यू आकाराची नळी असते, रंगीत द्रव भरलेली. द्रव दोन्ही बाजूंना सारख्याच उंचीवर असेल तर पाइपमध्ये हवेची ओढच नाही. घराचा करार पक्का होण्याआधी यंत्रणा दुरुस्त करायला लावा आणि पुन्हा मोजायला सांगा.