वायजी या मीटरगेजच्या वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलवर हँडरेल सरळ बसवायची तर

खंडव्याच्या मीटरगेज लाइनवर, पाताळपाणी-कालाकुंडच्या घाटात वाफेची इंजिनं गाड्या ओढताना पाहिलेली माणसं इंदुरात अजून आहेत. त्यांच्यापुढे मॉडेल ठेवलं की खरं-खोटं ठरतं ते बॉयलरच्या कडेच्या हँडरेलवर, म्हणजे हातानं धरायच्या लांब दांडीवर. ती वाकडी असेल तर बाकीची मेहनत वाया गेली समजा.

तयार मॉडेलवर ती साच्यातच ओतलेली असते, फुगलेल्या शिरेसारखी. धारदार पात्यानं तासून काढा आणि 600 नंबरच्या पॉलिश पेपरला पाणी लावून घासा. एवढंच.

1:87 मापात, म्हणजे खऱ्याच्या 87व्या हिश्श्याएवढ्या मॉडेलवर, 0.4 मिमीची पितळी तार हवी. म्हणजे खऱ्या इंजिनावर 35 मिमीचा पाइप. गिटारची तार वापरा असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. ती पोलादी, स्प्रिंगसारखी उसळते, कॅबजवळ (ड्रायव्हरच्या केबिनपाशी) वळण घेत नाही. पितळी तारेचं एक टोक व्हाइसमध्ये धरून दुसरं पक्कडीनं ओढा. हाताला ती किंचित लांबल्यासारखी वाटली की थांबा, सुतासारखी सरळ झालेली असते.

हँडरेलला बॉयलरवर धरून ठेवणाऱ्या खुंट्या मोटर वाइंडिंगवाल्याकडच्या 0.2 मिमीच्या तांब्याच्या तारेच्या करा. 0.5 मिमीच्या ड्रिलभोवती एक फेरा घेऊन दोन्ही टोकांना पीळ द्या, की डोळा तयार.

आता खरं काम: भोकं. पहिल्या इंजिनावर मी ती नजरेच्या अंदाजानं पाडली. हँडरेल लाटेसारखी झाली आणि शेवटी सगळी भोकं बुजवावी लागली. अंदाज नको, पेन्सिल नको. पेन्सिलीचं टोक झिजतं आणि रेघ सरकते. इंजिनाची बॉडी जाड काचेवर ठेवा. लाकडाच्या ठोकळ्यावर शिवणाची सुई आडवी घट्ट बसवा, बॉयलरवर मास्किंग टेप चिकटवा आणि ठोकळा काचेवरून सरकवत सुईनं रेघ ओढा. दुसऱ्या बाजूलाही सुई न हलवता तीच उंची. खुंट्यांच्या जागा खऱ्या इंजिनाच्या फोटोवरून मोजून घ्या. प्रत्येक जागी आधी सुईनं खळगा करा. गोल पृष्ठभागावर खळग्याशिवाय ड्रिल घसरणारच. मग पिन व्हाइसमध्ये (बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिल-मुठीत) 0.5 मिमीचं ड्रिल लावून, काचेला समांतर धरून हातानं फिरवा. मशीन लावू नका, प्लास्टिक वितळतं.

खुंट्या एकेक करून चिकटवायच्या नाहीत. आधी सगळ्या तारेत ओवा, मग एकदम भोकांत बसवा. तार आणि बॉयलर यांच्यामध्ये जुन्या एटीएम कार्डाची पट्टी सरकवा. कार्ड 0.76 मिमी जाड असतं, म्हणजे खऱ्या मापात साडेसहा सेंटिमीटर, फायरमनची मूठ मावेल एवढं. धुराड्याच्या टोकाकडून एक डोळा मिटून तार निरखा, पटेपर्यंत खुंट्या मागे-पुढे करा. सुपरग्लू बॉयलरच्या आतून, टाचणीच्या टोकावर येईल एवढाच. बाहेरून लावला तर पांढरी धुरी धरते आणि ती रंगातूनही जाणवते.

तार मात्र खुंट्यांना चिकटवू नका. कॅबकडचं एक टोक पक्कं करा, बाकी मोकळी राहू द्या. तापमानानं प्लास्टिक पितळेपेक्षा कितीतरी जास्त फुगतं आणि आक्रसतं. मे महिन्यात मी दोन्ही टोकं आणि सगळ्या खुंट्या पक्क्या केल्या होत्या. डिसेंबरात बॉयलर आक्रसला आणि तार दर दोन खुंट्यांच्या मध्ये कमानीसारखी वाकली. खिडकीच्या उजेडात ते स्पष्ट दिसत होतं.

नंतर मॅट काळा रंग, दोन पातळ हात. टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात, खराच दगडी कोळसा खलबत्त्यात कुटून, फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून चिकटवा. लाकडी कोळसा करडा दिसतो. रोज धावणाऱ्या इंजिनाच्या चाकं जोडणाऱ्या दांड्यांवर गंज रंगवू नका, त्या तेलकट आणि चकचकीत असतात. सेफ्टी व्हॉल्व्हखाली क्षाराचे दोन-तीन पांढुरके ओघळ पुरेत, बारीक ब्रशनं, वरून खाली. ते हँडरेलपाशी आले की ब्रश तारेच्या मागून न्या.