विकिपीडियावर तुमचा मजकूर कुणी उडवला, तर

दोन संध्याकाळी खर्चून तुम्ही मराठी विकिपीडियावर गावाजवळच्या किल्ल्याच्या लेखात चांगले तीन परिच्छेद घातलेत. सकाळी चहा घेताना कौतुकानं पान उघडलंत, तर परिच्छेद गायब. पहिला विचार येतो, 'कोण हा शहाणा?' आणि दुसरा, तेच पुन्हा चिकटवावं. आधी चहा संपवा.

इतिहास उघडा

मजकूर कुठे गेलेला नसतो. पानाच्या वर 'इतिहास' आहे, तिथे प्रत्येक आवृत्ती जपून ठेवलेली असते. दोन आवृत्त्यांमधला फरक उघडला की नेमकं काय निघालं ते दिसतं आणि शेजारच्या सारांशात बहुतेकदा कारणही असतं. संदर्भ नाही, वर्तमानपत्रातला उतारा जसाच्या तसा उचलल्यानं प्रताधिकाराचा भंग होतो, किंवा भाषा जाहिरातीसारखी आहे, यांपैकीच काहीतरी निघतं. माझंही सुरुवातीला एक वाक्य उडालं होतं: 'निसर्गाच्या कुशीत वसलेले टुमदार गाव'. दोन दिवस धुसफुसत होतो. मग लक्षात आलं, हे वाक्य कोकणातल्या कुठल्याही गावाच्या पानावर खपलं असतं. त्यातून माझ्या गावाबद्दल कुणाला काहीच कळत नव्हतं.

परत चिकटवू नका

तुम्ही टाकायचं, त्यानं काढायचं, तुम्ही पुन्हा टाकायचं, याला संपादन युद्ध म्हणतात. इंग्रजी विकिपीडियावर यासाठी नियमच आहे: एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं काम उलटवलं, तर खातं काही काळ गोठवलं जाऊ शकतं. म्हणजे तिसऱ्यांदापर्यंत मुभा आहे, असं मात्र नाही. इंग्रजीत दह्याला 'योगर्ट' म्हणतात, त्याच्या स्पेलिंगमध्ये 'एच' हवं की नको यावर तिथे जवळपास आठ वर्षं वाद रंगला आणि २०११ मध्ये 'एच' गेलं. तोवर कितीक विरजणं लागली असतील! मराठीत तर नेमानं लिहिणारी मंडळी मुळात कमी. आज ज्याच्याशी वाजलं, उद्या दुसऱ्या लेखावर त्याच्याशीच गाठ पडते.

चर्चा पानावर जा

खरं काम इथे होतं. लेखाच्या 'चर्चा' पानावर नवा विभाग उघडा आणि मथळ्यात माणसाचं नाव न घालता मुद्दा घाला. 'अमुक सदस्याची मनमानी' असा मथळा दिलात की पुढची सगळी चर्चा मनमानीवर होते, किल्ला बाजूलाच राहतो. असं लिहून पाहा:

'किल्ल्यावरील टाक्यांची संख्या. नमस्कार, मी सात टाकी लिहिली होती, ती जिल्हा गॅझेटियरवरून. पृष्ठ क्रमांक देत आहे. आपण पाच केली आहेत. आपल्याकडे कोणता संदर्भ आहे? दोन्ही आकडे संदर्भासह देता येतील का?'

शेवटी चार टिल्ड (~~~~) टंका, म्हणजे तुमची सही आणि वेळ आपोआप उमटते. उत्तर देताना ओळीच्या सुरुवातीला अपूर्णविराम (:) टाकला की ते थोडं आत सरकतं आणि कोण कुणाला बोलतंय ते कळतं. समोरचा वयानं लहान वाटला तरी 'आपण' किंवा 'तुम्ही'च म्हणा. टोपणनावामागे निवृत्त मुख्याध्यापक आहेत की अकरावीतली मुलगी, हे तुम्हाला ठाऊक नसतं.

आणि 'मी स्वतः वर जाऊन मोजली' हे इथे चालत नाही. प्रत्येक ट्रेकरनं मोजलेलीच असतात, आणि प्रत्येकाची वेगळी भरतात. छापील, तपासता येईल असा आधार लागतो.

दोन्ही बाजूंना आधार असेल तर

शिवजन्माच्या तारखेचंच पाहा. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आणि वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ सालचा एप्रिल. दोन्ही बाजूंनी पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं गेलंय. विकिपीडियाच्या संपादकाचं काम निकाल देण्याचं नाही. कोण काय म्हणतं ते त्याच्या नावानं सांगायचं: जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या जुन्या कालक्रमवार नोंदीत, १५५१ ची तिथी आहे, राज्य शासनानं १९ फेब्रुवारी स्वीकारली आहे, जुनी परंपरा १६२७ मानते. तटस्थता म्हणजे निम्मं-निम्मं नव्हे. ज्या मताला जितका भक्कम आधार, तितकी त्याला जागा. एखाद्याला मुख्य मजकूर मिळेल, दुसऱ्याला एक वाक्य.

तरीही अडलंच, तर

आठवडाभर थांबा. लोक नोकरी-धंदा सांभाळून येतात. मग 'चावडी'वर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, जाऊन तिसऱ्या माणसाचं मत मागा, पण 'माझ्यावर अन्याय झालाय' असा सूर न लावता. व्हॉट्सअ‍ॅप गटावर हाक देऊन गावकरी गोळा करणं, किंवा दुसरं खातं उघडून स्वतःलाच अनुमोदन देणं, हे दोन्ही उघडकीला येतं आणि मग तुमच्या बरोबर मुद्द्यालाही कुणी विचारत नाही. प्रचालकाकडे, म्हणजे जादा तांत्रिक अधिकार असलेल्या सदस्याकडे, धावण्यातही फारसा अर्थ नाही. तो पानाला कुलूप लावू शकतो, कुणाला रोखू शकतो; टाकी किती, हे ठरवण्याचा त्याला इतरांपेक्षा जास्त अधिकार नाही. आणि कुलूप नेहमी चुकीच्याच आवृत्तीवर लागतं, हा तिथला जुना विनोद आहे.

उडवणारे तुम्ही असाल, तर

सारांशाची जागा रिकामी सोडू नका. नवख्याचं सगळंच्या सगळं काढण्यापेक्षा शंकास्पद वाक्यापुढे 'संदर्भ हवा' हा साचा (तयार खूण) लावा आणि त्या सदस्याच्या स्वतःच्या चर्चा पानावर दोन ओळी टाका. अपवाद दोन. उघड उत्पात, म्हणजे मुद्दाम केलेली नासधूस, लगेच काढा. आणि हयात व्यक्तीबद्दल पुराव्याविना काही बदनामीकारक असेल, तर चर्चेची वाट न पाहता तेही काढा.

एकमत झालं की कुणीतरी एकानं बदल करावा आणि सारांशात 'चर्चा पानानुसार' असं लिहावं. वर्षभरानं कुणीतरी येऊन टाकी नऊ आहेत म्हणेलच. तेव्हा त्याला नुसता दुवा द्यायचा.