लहान मुलांना स्वतः उघडता येईल असा शाळेचा डबा

प्राथमिक वर्गांसाठी साधारणपणे ३० मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने धरले आहे. अशा वर्गातील प्रत्येक मुलाने डबा उघडून घेण्यासाठी बाईंकडे धाव घेतली आणि एका झाकणाला अर्धा मिनिट लागला, तरी सगळे डबे उघडेपर्यंत १५ मिनिटे संपतात. अनेक शाळांची छोटी सुट्टी तेवढीच असते. रांगेत मागे राहिलेले किंवा बाईंना सांगायलाच संकोचणारे मूल डबा तसाच दप्तरात ठेवते आणि घरी मात्र त्याला भाजी आवडली नसावी असा समज होतो. त्यामुळे बालवाडीपासून दुसरीपर्यंतच्या मुलाचा डबा भरताना, त्यात काय द्यावे याच्याइतकाच तो मुलाला एकट्याने उघडता येतो की नाही याचाही विचार करावा लागतो.

दुकानात डब्याची थोरवी बहुधा तो गळत नाही यावरून सांगितली जाते. परंतु झाकण गळू नये म्हणून ज्या गोष्टी केलेल्या असतात, म्हणजे जाड रबराची रिंग, चारही बाजूंचे ताठ लॉक किंवा पक्क्या आट्यांचे फिरकीचे झाकण, त्यांच्यामुळेच ते लहान हातांना उघडत नाही. हे दोन्ही गुण एकाच डब्यात शोधत बसण्यापेक्षा गळण्यासारखे काही डब्यात घालूच नये, हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. आमटी, सांबार, रस्साभाजी, पातळ दही आणि ताक हे पदार्थ शाळेच्या डब्यातून वगळले, की सैल झाकणाचा साधा डबाही चालतो आणि निम्मे काम तिथेच होते. त्यामुळे आधी पदार्थ ठरवावा आणि मगच डबा निवडावा.

कोरड्या पदार्थांची आपल्या घरांत मुळीच वाण नाही. पोळीला तूप-गूळ किंवा तूप-मेतकूट लावून केलेली गुंडाळी, दोन तुकड्यांत कापलेले मऊ थालीपीठ, धिरडे, अप्पे, छोट्या इडल्या, तिखटमिठाच्या पुऱ्या यांतले काहीही मुलाला एका हाताने उचलून खाता येते. दुधात कणीक भिजवून केलेली दशमी बराच वेळ मऊ राहते, म्हणून ज्या मुलांच्या दाढा अजून नीट चावत नाहीत त्यांना ती साध्या पोळीपेक्षा सोयीची पडते. भाकरी मात्र गार झाल्यावर कडक होते. ती द्यायचीच असेल तर तूप लावून तिचे लहान तुकडे करून द्यावेत. पोळी-भाजी वेगवेगळी दिली तर मुलाला आधी पोळीचा घास तोडावा लागतो, मग त्यात भाजी धरावी लागते, आणि चार वर्षांच्या मुलाला या कामाला मोठ्या माणसाच्या तिप्पट वेळ लागला तरी नवल नाही. त्याऐवजी सुकी भाजी पोळीतच गुंडाळून, ती गुंडाळी मधोमध कापून, कापलेली बाजू वर येईल अशी उभी ठेवावी. म्हणजे आत काय आहे हे मुलाला झाकण उघडताच दिसते. गुंडाळीभोवती अॅल्युमिनियमची फॉइल घट्ट लपेटू नये. ती सोलताना तिचे कपटे पोळीला चिकटतात आणि ते वेगळे करणे लहान मुलाला जमत नाही. धुतलेला सुती रुमाल नुसता दुमडून ठेवला तरी पुरतो.

उपमा, पोहे किंवा भात देताना आखूड दांड्याचा चमचा डब्यातच, पदार्थाच्या वर आडवा ठेवावा. पिशवीच्या वेगळ्या कप्प्यातला चमचा अनेकदा सुट्टी संपल्यावर सापडतो. सॉसची पुडी कधीही न उघडता देऊ नये, कारण ती फाडायला दात लागतात आणि फाटली की सॉस गणवेशावर जातो. सॉस किंवा चटणी गुंडाळीच्या आतच लावावी. बिस्किटांचा पुडा जसाच्या तसा देण्यापेक्षा त्यातली लागतील तेवढी बिस्किटे डब्याच्या कप्प्यात ठेवावीत.

फळांचेही तसेच आहे. संत्रे सोलून आणि बिया काढून फोडी कराव्यात, डाळिंबाचे दाणे काढून द्यावेत, उकडलेल्या अंड्याचे कवच घरीच उतरवावे. केळे सालीसकट देणे उत्तम, कारण ती साल हेच त्याचे झाकण असते, मात्र देठाजवळ सुरीने छोटी चीर द्यावी. ही चीर नसली तर मूल केळे मधूनच दाबते आणि त्याचा लगदा होतो. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खी द्राक्षे, अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो, आणि गोंगाटात, हसत-बोलत घाईने खाताना तो अधिक वाढतो. द्राक्षे लांबीत चार भाग करून द्यावीत आणि शेंगदाणे कूट करून पदार्थात घालावेत.

एवढे ठरले, की डब्याची निवड सोपी होते. तीन निरनिराळ्या डब्यांऐवजी एकाच झाकणाखाली दोन-तीन कप्पे असलेला पसरट डबा घ्यावा, म्हणजे मुलाला एकदाच झाकण उघडावे लागते. चार बाजूंना चार लॉक असलेल्या डब्यापेक्षा पुढे एकच रुंद खटका आणि मागे बिजागरी असलेला डबा लहान मुलांसाठी निश्चितच बरा, कारण त्याचे झाकण हरवत नाही आणि कुठून उघडायचे हा प्रश्नही पडत नाही. स्टीलचा गोल डबा आवडीचा असल्यास झाकणाला बोटांत धरता येईल अशी बाहेर आलेली कड आहे ना, हे पाहावे. त्याला पोचा पडला असेल तर तो मोठ्यांच्या वापरासाठी ठेवावा, पोचा पडलेल्या जागी झाकण हटकून अडकते. कडी आणि खिट्टी लावलेले उभे डबे आणि फिरकीच्या झाकणाचे गरम राहणारे डबे या वयाला अजिबात सोयीचे नाहीत. फिरवून उघडायच्या झाकणाला एका हाताने डबा घट्ट धरून दुसऱ्या हाताचे मनगट वळवावे लागते, आणि हे दोन्ही एकाच वेळी करणे पाच-सहा वर्षांच्या आत बहुतेक मुलांना जड जाते. शिवाय त्यातला पदार्थ उघडताना वाफाळता असेल तर भाजण्याची भीती वेगळीच.

घरी सहज उघडणारा डबा शाळेत का उघडत नाही, याचे कारण पुष्कळदा डब्यात नसून भरण्याच्या वेळेत असते. गरम पोहे भरून लगेच झाकण लावले, की आत वाफ कोंडते. पुढच्या तासा-दोन तासांत त्या वाफेचे पाणी होते, आतली हवा थंड होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा झाकणाला वरून दाबून धरते. रिंग जितकी पक्की तितकी ही पकड घट्ट. म्हणून पदार्थ ताटात पसरून १० ते १५ मिनिटे पंख्याखाली ठेवावा आणि त्याची वाफ जिरल्यावरच डबा भरावा. त्यामुळे पोळीलाही पाणी सुटत नाही. सकाळच्या घाईत एवढा वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असे सांगितले, आणि जिथे ते अमलात आले तिथे ही सवड मिळू शकते. सातच्या शाळेसाठी मात्र आधी डब्याचा पदार्थ करून तो निवत ठेवावा आणि मग मुलाला उठवावे. काही झाकणांवर रबराचे छोटे बूच असते, ते आतला दाब सोडण्यासाठीच दिलेले असते. ते उचलून मग झाकण उघडायचे, हे मुलाला मुद्दाम दाखवावे. डबा काठोकाठ भरू नये, वर बोटभर जागा सोडावी. रिंग धुतल्यावर खाचेत सपाट बसली आहे ना तेही पाहावे, कारण पीळ पडलेली रिंग गळतेही आणि अडकतेही.

डबा मुलाच्या हातात शाळेत पहिल्यांदा पडू नये. नवा डबा आणल्यावर काही दिवस घरचा नाश्ताच त्यातून द्यावा, तोही झाकण लावून, पिशवीत घालून आणि पिशवी दप्तरात ठेवून, म्हणजे सगळा क्रम हाताखालून जातो. मूल अडले की लगेच हात पुढे करू नये. डबा मांडीवर न धरता जमिनीवर किंवा बाकावर टेकवायचा, डाव्या हाताने बूड धरायचे आणि उजव्या हाताने खटका वर ओढायचा, एवढे एकदा सावकाश करून दाखवावे. डावखुऱ्या मुलाला अर्थातच हे उलट दाखवावे. खटका घट्ट असेल तर आधी झाकण वरून तळहाताने दाबायचे आणि मग खटका उचलायचा, ही युक्ती बहुतेक डब्यांना लागू पडते. ज्या बाजूने उघडायचे तिथे रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावला, तर मुलाला बाजू शोधावी लागत नाही. डब्याच्या पिशवीची चेन हाही मोठाच अडथळा असतो. तिच्या टोकाला जाड नाडीचा फास बांधावा, म्हणजे तो मुठीत धरून ओढता येतो.

पाण्याच्या बाटलीबद्दल थोडक्यात सांगायचे, तर बटण दाबून उघडणारी किंवा वर उचलायच्या नळीची बाटली फिरकीच्या बाटलीपेक्षा बरी, पण नळी आतून रोज ब्रशने घासावी लागते. फिरकीचीच बाटली असेल तर झाकण घट्ट पिरगाळायचा मोह मोठ्यांनी आवरावा आणि शेवटचा पीळ मुलाकडूनच द्यायला लावावा, कारण त्याने स्वतः लावलेले झाकण त्याला उघडण्याची शक्यता अधिक असते. बाटलीतही कोमट पाणी भरून लगेच झाकण लावू नये.

डबा उघडणे जमले तरी खाल्ल्यावर तो बंद करणे बहुतेक मुलांना नंतर जमते. तोवर पिशवीत एक मोठा रुमाल किंवा कापडी पिशवी जादा ठेवावी आणि डबा अर्धवट मिटलेला असला तरी त्यात गुंडाळून दप्तरात ठेवायला शिकवावे. डबा न खाता परत आला तर भाजीबद्दल विचारण्यापूर्वी, तो जसा आला तसाच मुलासमोर ठेवावा आणि उघडायला सांगावे. उघडला नाही तर पदार्थ गरम भरला होता का आणि रिंग नीट बसली होती का, हे आधी तपासावे. सहज उघडला, तर सुट्टी किती वेळाची असते आणि पोळी चावायला तेवढा वेळ पुरतो का, हे बाईंना विचारावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच पोळीचे आणखी लहान तुकडे करून द्यावेत.