ऐतिहासिक चर्चच्या अंतर्भागाची प्रकाशयोजना कशी करावी

प्रकाशयोजना आखायला मुख्य वेदीपासून सुरुवात करावी. जुने गोवे येथील बॉम जीझस बॅसिलिकेत (बांधकाम १५९४ ते १६०५) पाऊल टाकले की सभामंडपाच्या साध्या भिंतींवरून नजर थेट समोरच्या सोनेरी, कोरीव लाकडी वेदीवर जाते. छतापासून फरशीपर्यंत सारखाच लख्ख उजेड पाडला, तर वास्तूची ही मूळ मांडणीच पुसली जाते. म्हणून वेदी सर्वांत उजळ, बाके वाचण्यापुरती प्रकाशित आणि छत त्याहून मंद, हा क्रम आधी कागदावर ठरवावा आणि दिव्यांची संख्या त्यानंतर मोजावी.

काम हाती घेण्यापूर्वी सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला लक्समीटरने (पृष्ठभागावर पडणारा उजेड ‘लक्स’ या एककात मोजणाऱ्या उपकरणाने) नोंदी घ्याव्यात, शक्य असल्यास पावसाळ्यात आणि उन्हाळ्यातही. गोव्यातील काही जुन्या वास्तूंमध्ये खिडक्यांना अजून शिंपल्यांची तावदाने आहेत. त्यांतून झिरपणारा मऊ प्रकाश हा त्या वास्तूचाच भाग असल्यामुळे, उजेड वाढवण्यासाठी ती काढून काच बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ठामपणे नाकारावा.

सोन्याचा वर्ख प्रकाश आरशासारखा एका दिशेला परतवतो. दिवा समोरून लावला तर कोरीव काम सपाट दिसते आणि चकाकी बाकांवर बसलेल्यांच्या डोळ्यांत जाते. त्याऐवजी वेदीकक्षाच्या कमानीमागे, भाविकांना न दिसतील अशा जागी, दोन्ही बाजूंना दिवे बसवून साधारण ३० ते ४५ अंशांच्या कोनातून प्रकाश टाकावा. एका बाजूचा प्रकाश दुसरीपेक्षा जवळजवळ दुप्पट ठेवल्यास पानाफुलांच्या कोरीव कामाला आणि संतांच्या मूर्तींच्या वस्त्रांच्या चुण्यांना सावली मिळते व खोली दिसू लागते. दोन्ही बाजू सारख्या केल्या की सावल्या एकमेकींना मारतात. कोनाड्यातील मूर्तीसाठी अरुंद झोताचा वेगळा छोटा दिवा द्यावा, पण तो चेहऱ्यावर नेमका खालून पडणार नाही, याची काळजी घ्यावी, कारण खालून पडलेल्या उजेडाने सौम्य मुखसुद्धा भेसूर दिसते.

सोनेरी वर्ख आणि जुने लाकूड यांना २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या छटेचे माप; आकडा कमी तितकी छटा पिवळसर) उबदार प्रकाश शोभतो. एलईडीचा रंग-दर्शकांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, याचा १०० पैकी अंक) ९० पेक्षा अधिक असावा आणि तांबड्या रंगासाठीचा अंक पुरवठादाराकडून वेगळा मागवावा, कारण लाकडाचा तपकिरी व वस्त्रांचा किरमिजी रंग त्यावरच अवलंबून असतो. सर्व दिवे एकाच उत्पादन-संचातील घ्यावेत, अन्यथा शेजारच्या दोन दिव्यांच्या छटांतला फरक पांढऱ्या भिंतीवर लगेच उठून दिसतो.

तैलचित्रे आणि रंगवलेले लाकूड यांसाठी संग्रहालयशास्त्रात साधारण २०० लक्स व वर्षाला ६,००,००० लक्स-तास (लक्स गुणिले तास) ही मर्यादा धरतात. म्हणजे त्या तीव्रतेने दिवसाला सुमारे आठ तास. जुने गोवे येथील संत फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चमध्ये मुख्य वेदीच्या दोन्ही बाजूंना लाकडावर रंगवलेली चित्रे आहेत. अशा चित्रांसाठी स्वतंत्र सर्किट ठेवून उपासनेव्यतिरिक्त दिवे मंद करता येतील अशी सोय हवी. जुनी रेशमी वस्त्रे प्रदर्शित असतील, तर ५० लक्सच्या वर जाऊ नये. बाकांवर प्रार्थनापुस्तक वाचण्यासाठी १०० ते १५० लक्स पुरेसे होतात.

तारांच्या बाबतीत कुठेही तडजोड करू नये. भिंत खोदून पाइप गाडणे टाळावे. केबल कंगोऱ्याच्या माथ्यावरून किंवा लाकडी कडेच्या मागून न्यावी. खुंटी मारावीच लागली तर ती दगडात मारू नये, सांध्यातील चुन्याच्या मसाल्यात मारावी, म्हणजे पुढे ती काढून सांधा चुन्याने पुन्हा भरता येतो. गोव्याचा जांभा दगड सच्छिद्र असल्याने, उघड्या जांभ्यात सिमेंटने भरलेली भोके ओलावा अडवतात आणि कालांतराने दगड झिजू लागतो. किनाऱ्यालगत खारी हवा असल्यामुळे फिटिंगचे स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत. ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारे डबे) शिडीशिवाय हात पोहोचेल अशा जागी ठेवावेत आणि वळवाच्या विजांचा विचार करून सर्ज संरक्षक (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारे साधन) जरूर बसवावा.

परवानगीचे काम आधी करावे. वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असेल तर त्यांच्या लेखी संमतीशिवाय एक खिळाही ठोकता येत नाही. इतर ठिकाणीही धर्मगुरूंशी आणि पॅरिश समितीशी (चर्चच्या स्थानिक भाविकांच्या समितीशी) बसून मिस्सा (नित्याची मुख्य उपासना), विवाह, नाताळ आणि ईस्टरच्या आदल्या रात्रीची उपासना या प्रसंगांना कोणता प्रकाश हवा, हे लिहून घ्यावे. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्च अंधारात ठेवून नव्या अग्नीवर पास्काची (ईस्टरची) मोठी मेणबत्ती पेटवतात. त्यामुळे सगळे दिवे एकदम आणि पूर्णपणे बंद होणे ही त्या रात्रीची गरजच असते.

खरेदीपूर्वी दोन-तीन नमुना दिवे तात्पुरत्या स्टँडवर लावून, अंधार पडल्यावर शेवटच्या बाकावरून आणि वेदीसमोरून पाहणी करावी. हा एक तास वाचवू नये. दिवे निश्चित झाले की चार-पाच प्रकाशरचना नियंत्रकात साठवून बटणांवर मराठीत किंवा कोंकणीत प्रसंगांची नावे लिहावीत आणि सर्किटांच्या आराखड्याची एक प्रत चर्चच्या दप्तरात ठेवावी.