जगातील जीवसंहतींवर विज्ञान प्रकल्प कसा करावा

जीवसंहती, म्हणजेच बायोम (सारखे हवामान आणि त्याला साजेसे वनस्पती-प्राणी असलेला मोठा प्रदेश), हा विषय शालेय विज्ञान प्रदर्शनांत वारंवार दिसतो आणि त्याची मांडणीही बहुधा ठरलेलीच असते. चार खोकी, एकात वाळू आणि उंट, दुसऱ्यात कापसाचा बर्फ, तिसऱ्यात प्लॅस्टिकची हिरवी झाडे, चौथ्यात सिंह. हा देखावा आकर्षक दिसतो, परंतु त्यात कोठेही प्रश्न विचारलेला नसल्यामुळे तो विज्ञानाचा प्रकल्प ठरत नाही. (पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वल एकाच खोक्यात ठेवलेले असतात ते वेगळेच, पेंग्विन दक्षिण गोलार्धातला आणि ते अस्वल उत्तर ध्रुवाकडचे.) अमुक ठिकाणी अमुकच वनस्पती का वाढतात, हा या विषयाचा गाभा आहे. म्हणून आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी सगळ्या जगाची माहिती एका तक्त्यावर कोंबण्याऐवजी चारच ठिकाणे घ्यावीत आणि त्यांच्या दोन जोड्या लावाव्यात.

पहिली जोडी राजस्थानातील जैसलमेर आणि सायबेरियातील याकुत्स्क यांची. बर्फाचे पाणी धरूनही दोन्ही ठिकाणी वर्षाकाठी साधारण २०० ते २५० मिलिमीटर एवढाच पाऊस पडतो. तरीही जैसलमेरच्या आसपास खेजडी, केर, फोग अशी विरळ आणि काटक झाडेझुडपे दिसतात, तर याकुत्स्कभोवती लार्च या सूचिपर्णी वृक्षांचे दूरवर पसरलेले अरण्य आहे, ज्याला तैगा म्हणतात. दुसरी जोडी ब्राझीलमधील मनाऊस आणि आपली मुंबई यांची. दोन्हींचे वार्षिक सरासरी तापमान २७ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे आणि पाऊसही दोन्हीकडे २३०० मिलिमीटरच्या जवळपास पडतो. असे असूनही मनाऊसभोवती सदाहरित वर्षावन आहे आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मुख्यतः पानझडी वृक्ष आहेत. ‘पाऊस सारखाच, मग जंगल वेगळे का?’ हे एकच वाक्य प्रकल्पाचा प्रश्न म्हणून पुरेसे आहे.

प्रश्न ठरला की प्रत्येक ठिकाणचे दरमहा सरासरी तापमान आणि दरमहा पाऊस मिळवावा. जागतिक हवामान संघटनेच्या संकेतस्थळावर अनेक शहरांचे असे तक्ते उपलब्ध आहेत आणि भारतीय शहरांसाठी भारतीय हवामानशास्त्र विभागाचे आकडे घ्यावेत. एखाद्या वर्षाचे आकडे घेऊ नयेत. हवामानाची सरासरी ३० वर्षांच्या नोंदींवरून काढतात. वेगवेगळ्या स्रोतांत आकडे थोडे निराळे दिसतील, त्यामुळे आपण कोणत्या कालखंडाची सरासरी घेतली हे आलेखाखाली लिहावे.

आलेखासाठी जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हाइनरिख वॉल्टर यांनी रूढ केलेली पद्धत वापरावी. आडव्या अक्षावर बारा महिने, डाव्या उभ्या अक्षावर तापमान आणि उजव्या उभ्या अक्षावर पाऊस असतो. दोन्ही मापे अशी जुळवायची की १० अंश सेल्सिअस आणि २० मिलिमीटर एकाच उंचीवर येतील. ज्या महिन्यात पावसाची रेषा तापमानाच्या रेषेखाली जाते, तो महिना वनस्पतींच्या दृष्टीने कोरडा समजावा. या एका युक्तीमुळे आकडे बोलू लागतात. मुंबईच्या आलेखात जूनपासून पावसाची रेषा कागदाबाहेर जाऊ पाहते आणि नोव्हेंबर ते मे मात्र ती तळाशी असते, म्हणजे सात महिने कोरडे. मनाऊसमध्ये फक्त ऑगस्टच्या सुमारास ती तापमानाच्या रेषेपर्यंत उतरते. सागासारखे रुंद पानांचे झाड मुंबईजवळ उन्हाळ्याआधी पाने का गाळते, याचे उत्तर या दोन आलेखांतच आहे. याकुत्स्कच्या आलेखात उन्हाळ्यात दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून चालतात. जैसलमेरमध्ये जुलै-ऑगस्ट सोडले तर पावसाची रेषा वर येतच नाही.

पहिल्या जोडीचा खुलासा, म्हणजे थंड हवेत मातीतले पाणी कमी उडते हा, प्रयोगाने करावा. १० सेंटिमीटर लांब-रुंद असे तीन सारखे डबे घ्यावेत, प्रत्येकात समान वजनाची कोरडी माती भरावी आणि २०० मिलिलिटर पाणी घालावे. हे प्रमाण मनाचे नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. त्या हिशेबाने १०० चौरस सेंटिमीटरवर २०० मिलिलिटर म्हणजे २० मिलिमीटर, अर्थात २४० मिलिमीटर वार्षिक पावसाचा एका महिन्याचा सरासरी वाटा. एक डबा गच्चीवर उन्हात, दुसरा घरात सावलीत आणि तिसरा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उघडा ठेवावा. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर सकाळ-संध्याकाळ वजन करावे. जितके ग्रॅम घटतील तितके मिलिलिटर पाणी उडाले. फ्रिजमध्ये थंडीबरोबरच ऊन आणि वाराही नसतो, त्यामुळे सगळा फरक एकट्या तापमानाचा नाही, हेही निष्कर्षात स्पष्ट लिहावे. परीक्षक नेमके तेच विचारतात.

याकुत्स्कच्या अरण्याला आणखी एक आधार आहे, तो जमिनीखाली. १८२८ ते १८३७ या काळात शेरगिन नावाच्या व्यापाऱ्याने तेथे पाण्यासाठी विहीर खणवली. ती ११६ मीटर खोल गेली तरी जमीन गोठलेलीच होती. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा वितळतो आणि त्यातले पाणी खाली झिरपू शकत नसल्याने मुळांच्या आवाक्यात राहते. हे दाखवण्यासाठी तळाला बारीक भोके पाडलेल्या दोन पारदर्शक बाटल्या घ्याव्यात, दोन्हींत अर्ध्यापर्यंत सारखीच ओली माती दाबून भरावी आणि एक बाटली रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावी. सकाळी दोन्हींत वरून कोरडी माती टाकून समान थंड पाणी ओतावे आणि पहिल्या दहा मिनिटांत खालच्या बशीत किती पाणी जमते ते मोजावे. प्रदर्शनाच्या दिवशी हा प्रयोग पुन्हा करायचा असल्यास बाटली बर्फाच्या डब्यातून न्यावी.

वर्षावनातील अनेक झाडांच्या पानांना लांब, निमुळते टोक असते. तसे पान आपल्याकडे पिंपळाचे असते. मनाऊसचा नमुना म्हणून ते खपवू नये, पण आकार समजावण्यासाठी ते उत्तम आहे. पानावर ड्रॉपरने पाणी सोडले की ते शेपटीकडे गोळा होऊन थेंबाथेंबाने गळते. शेजारी सागाचे पान आणि एखाद्या काटेरी बाभळीची बारीक पर्णिका ठेवल्यास तुलना हातात घेऊन पाहता येते. उरलेल्या मांडणीसाठी पुठ्ठा आणि आलेख कागद पुरेत; थर्माकोलची गरज नाही.

‘जगात एकूण जीवसंहती किती?’ या प्रश्नाची तयारी मात्र हवीच. पाठ्यपुस्तके पाच-सहा सांगतात, तर जागतिक वन्यजीव निधीच्या २००१ च्या वर्गीकरणात जमिनीवरच्याच १४ आहेत. कोणताही एक आकडा ठासून सांगण्याऐवजी आपण कोणते वर्गीकरण वापरले ते तक्त्यावर नमूद करावे आणि आपली चारही ठिकाणे त्यात कोणत्या गटात बसतात ते दाखवावे. नोंदवही मूळ स्वरूपात, खाडाखोडीसकट, टेबलावर ठेवावी. फ्रिजमधल्या डब्याचे वजन अपेक्षेपेक्षा जास्त घटले असेल तर तो आकडाही तसाच ठेवावा आणि त्यापुढे संभाव्य कारण लिहावे. आजकालच्या अनेक फ्रिजमध्ये बर्फ साचू नये म्हणून कोरडी हवा खेळवली जाते, हे त्यातले एक असू शकते.