खिशातला कॅमेरा मैदानावर चालेल का? घेण्याआधी असं तपासा

परभणीजवळच्या एका गावात जत्रेच्या कुस्त्या होत्या. फडापासून जेमतेम तीन मीटरवर बसलो होतो, ऊन भरपूर, हातात नवाकोरा कॉम्पॅक्ट कॅमेरा. पैलवानानं ढाक लावली आणि मी त्याच क्षणी बटण दाबलं. फोटोत आलं काय, तर आधीच पाठीवर पडलेला गडी आणि पंचाचा वर गेलेला हात. डाव गायब. कॅमेऱ्याच्या खोक्यावर मेगापिक्सेल आणि झूम ठळक अक्षरांत छापलेले होते, माझ्या कामाची गोष्ट मात्र एकही नव्हती. तेव्हापासून कोणी कॅमेरा दाखवायला आणला की खोकं बाजूला ठेवतो आणि पुढच्या चाचण्या घेतो.

आधी खेळ ठरवा आणि तुम्हाला बसायला कुठं मिळणार ते ठरवा. खेळाडूपर्यंतचं अंतर मीटरमध्ये घ्या, त्याला ३६ नं गुणा आणि लेन्सच्या फोकल लेंग्थनं (हा आकडा जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं) भागा. फोटोत किती मीटर रुंदीचं दृश्य मावेल ते निघतं. फोकल लेंग्थ ‘३५ एमएम समतुल्य’ असलेलीच धरायची, माहितीपत्रकात ती दिलेली असते. कॅमेरा २४ ते २०० एमएमचा आहे, झूम पूर्ण २०० वर ताणली आहे आणि खो-खोपटू २० मीटरवर आहे असं समजा: ३.६ मीटरची चौकट, खेळाडू छान भरून येतो. तोच कॅमेरा घेऊन क्रिकेटच्या सीमारेषेबाहेर, फलंदाजापासून ७० मीटरवर बसलात तर चौकट साडेबारा मीटरची होते आणि फलंदाज काडीपेटीतल्या काडीएवढा दिसतो. तिथं ६०० च्या आसपासची लेन्स लागते. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे कडेला बसलात तर झूमची फारशी गरजच नाही. डिजिटल झूम हिशेबात धरू नका. ती नुसती कात्री आहे, फोटोच्या कडा कापून मधला भाग मोठा करते.

आता बटणाची चपळाई. मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू करा, कॅमेरा त्याच्यावर धरा आणि काटा १० सेकंदांवर येताच बटण थेट पूर्ण दाबा. फोटोत १०.५० दिसलं तर अर्धा सेकंद गेला. त्यात थोडा वाटा तुमच्या बोटाचाही असतो, म्हणून दुसऱ्यांदा बटण आधी अर्धं दाबून फोकस धरून ठेवा आणि मग दाबा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे कॅमेऱ्यानं फोकस शोधण्यात घालवलेला वेळ. दहा वेळा करून सरासरी काढा. माझ्या त्या कॅमेऱ्याचं दुखणं नेमकं इथंच होतं.

तिसरी गोष्ट उजेडाची आणि शटरच्या वेगाची, म्हणजे फोटो टिपताना कॅमेरा किती वेळ उघडा राहतो त्याची. लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथंच. पाच मीटर प्रतिसेकंद वेगानं पळणारा चढाईपटू १/१२५ सेकंदात चार सेंटिमीटर सरकतो, म्हणजे फोटोत चेहरा पुसलेला. १/५०० ला तो एक सेंटिमीटर सरकतो आणि १/१००० ला अर्धा. म्हणून १/५०० च्या खाली उतरायचं नाही असं ठरवून टाका. दुकानदार म्हणेल, ‘यात स्टॅबिलायझेशन आहे ना!’ आहे, पण ते तुमच्या हाताचं थरथरणं आवरतं, खेळाडूचं पळणं नाही.

शटरचा वेग वाढवला की उजेड कमी पडतो. संध्याकाळी घरात ट्यूबलाइटखाली बसा, झूम पूर्ण ताणा, शटर १/५०० वर ठेवा, आयएसओ (कमी उजेडात कॅमेरा फोटो किती उजळवतो त्याचा आकडा, तो वाढला की फोटो दाणेदार होतो) ऑटोवर सोडा आणि तो कुठं जातो ते बघा. लेन्सचं भोक एफ/२.८ वर असेल (एफचा आकडा लहान, तितकं भोक मोठं) तर तो साधारण ५,००० च्या आसपास जाईल. झूम ताणल्यावर लेन्स एफ/५.६ वर आली असेल तर उजेड चौथाईवर येतो आणि आयएसओ चौपट होतो. मग फोटो पूर्ण आकारात उघडा. चेहऱ्यावर ज्वारीचं पीठ भुरभुरल्यासारखं दिसत असेल, तर गावच्या हॅलोजनखालची रात्रीची कबड्डी विसरा. सेन्सरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या भागाचा, आकार इथं कामी येतो: स्वस्त कॉम्पॅक्टमधल्या १/२.३ इंची सेन्सरच्या साधारण चौपट क्षेत्र ‘एक इंची’ सेन्सरचं असतं. (हा एक इंच पट्टीवर मोजू नका, प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर भरतो. असं नाव देणाऱ्यांना कोण विचारतं!)

रात्रीच्या दिव्यांची आणखी एक खोड. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. वेगवान शटरला एक फोटो उजळ, पुढचा काळपट, कधी अर्ध्या फोटोत पट्टा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर, म्हणजे या लुकलुकण्याला सांभाळून घेणारी सोय, आहे का, ते विचाराच.

दुकानातला छताचा पंखाही उपयोगी पडतो. इलेक्ट्रॉनिक, म्हणजे बिनआवाजाच्या शटरवर त्याचा फोटो काढा. पाती विळ्यासारखी वाकडी आली तर बॅट आणि धावणारे पायही तसेच येतील. मग मेकॅनिकल, म्हणजे प्रत्यक्ष उघडझाप करणारं शटर वापरून किती वेग मिळतो ते बघा.

मग रस्त्यावर या. कंटिन्युअस फोकस (हलत्या गोष्टीवर फोकस धरून ठेवणारा) आणि बर्स्ट (एकामागून एक सलग फोटो) लावा, समोरून तुमच्याकडं येणारी मोटारसायकल धरा आणि २० फोटो सोडा. किती फोटोंत नंबरप्लेटवरचं एमएच २२ स्पष्ट वाचता येतं ते मोजा. पंधराच्या वर असेल तर उत्तम, दहाच्या खाली असेल तर खेळासाठी तो कॅमेरा घेऊ नका. पहिला फोटो स्वच्छ आणि पुढचे सगळे धूसर असतील तर समजा, बर्स्टमध्ये फोकस पहिल्याच फोटोला कुलूपबंद होतोय. सोनी आरएक्स १०० मार्क ७ हा खिशात मावणारा कॅमेरा २०१९ मध्ये आला, सेकंदाला २० फोटो आणि फोकस सोबत पळणारा. पण किंमत ऐकून माणूस आधी खाली बसतो.

बर्स्ट संपल्यावर पुढचा फोटो काढायला किती वेळ थांबावं लागतं, तेही घड्याळ लावून बघा. आणि डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर हवाच. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात मागच्या स्क्रीनवर स्वतःचाच घामेजलेला चेहरा दिसतो. फडातली माती बाहेर-आत होणाऱ्या लेन्समधून आत ओढली जाते आणि कॉम्पॅक्टची लेन्स घरी काढून पुसता येत नाही, म्हणून जुना कॅमेरा घेताना एफ/८ वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढून काळे ठिपके शोधा.

घरी कॅमेरा आहेच आणि तो निम्म्याच चाचण्या पास होतोय? दिवसाउजेडीची कुस्ती, मैदानी कबड्डी आणि खो-खो त्यावर निघतात, फक्त खेळाडूच्या मागं न धावता जागा धरा. खो-खोत खांबावर आधीच अर्धं बटण दाबून बसा, खेळ फिरून फिरून तिथं येतोच. बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेनं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ज्या ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य मिळवलं, त्या शर्यतीत पाण्याचा अडथळा सात वेळा येतो, सातही वेळा त्याच जागी. पहिल्या फेरीला फोकस आणि शटर जमवा. उरलेल्या सहा तुमच्या.